जनकाबाईच्या वेंधळेपणाचं मूळ

पिंपळगाव राजात जनकाबाईच्या हातून सांडलं नाही असं काही उरलेलं नाही. दूध सांडलं, ताक सांडलं, पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे सांडला. आणि एकदा तर शेजारच्या लग्नात नव्या व्याह्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर वांग्याची रस्सेदार भाजी अशी काही सांडली, की त्या लग्नातलं बाकी सगळं लोक विसरले, तेवढं धोतर लक्षात राहिलं. नवरीचं नाव विचारा, कुणाला आठवणार नाही. धोतराचं विचारा, डाग कुठून कुठवर गेला होता ते बोटानं काढून दाखवतील. गावाची स्मरणशक्ती असल्याच कामाला येते.

तर अशी ही जनकाबाई. वय साठीला टेकलेलं, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. घरचा मळा. वांगी, मेथी, टोमॅटो आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. कामाला कधी मागे हटली नाही, पण कामानं तिला नेहमी मागे ठेवलं. बायका तण निंदायला एका ओळीत बसल्या की हिची पात सगळ्यांच्या मागे. विळा असा वाकडातिकडा चालायचा, की शेजारणीला आपल्या बोटांची काळजी वाटायची. "जनकाबाई, तुमी जरा कडेले बसा बापा," असं म्हणून बायकांनी तिला कायमची कडेची पात देऊन टाकली होती. लग्नकार्यात वाढायला तिला कुणी हाक मारत नसे. पाणी भर, भांडी घास, चूल सांभाळ. पंगतीत पाऊल टाकायचं नाही. नवरा अर्जुनराव तर पाहुणा आला की ओळखच अशी करून द्यायचे, "आमची लक्ष्मीच हाये, पण सांडलवंडीत सापडलेली."

जनकाबाई सगळ्यांच्या आधी हसायची. लोकांनी हसायच्या आत आपण हसलं की कमी लागतं, हे तिला फार लवकर कळलं होतं. तिच्या डाव्या तळहातावर एक मोठा जुना व्रण होता, कातडी आक्रसून चकाकणारी. त्याचीही गोष्ट ती रंगवून सांगायची. "म्या लहानपणी जळत्या चुलीतच हात घातला होता. जलमाचीच धांदरट मी, आता साठीत काय सुधरतो?" तिला स्वतःला त्यातलं काही आठवत नव्हतं. आई सांगायची, तेच ती पुढे सांगायची.

आता तिच्या नातीचं, डिंपलचं सांगतो, कारण सगळा घोळ तिच्यावरून झाला.

जनकाबाईचा एकुलता एक मुलगा जीवन. त्याची बायको योगिनी, बुलढाण्याची, खामगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवणारी. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा जनकाबाईनं मळ्यातल्या मारोतीला नवस केला. लेकरू होऊ दे, चालतं-बोलतं होऊ दे, मग तुझ्यापुढे रोडगे करीन, आणि त्या लेकराच्याच हातानं पंगतीत पहिला गूळ वाढीन. रोडगे म्हणजे कणकेचे जाडजूड गोळे, शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत, भाजलेले. सोबत वांग्याची भाजी, वरण, तुपाची धार आणि गूळ. अर्धा गाव जेवायला येतो. मारोतीनं ऐकलं आणि डिंपल झाली. चालायला लागली, बोलायला तर अशी लागली, की मळ्यापासून घरापर्यंत तिचं तोंड मिटायचं नाही. आता नवस फेडायचा तेवढा राहिला होता.

आणि नेमकी तिथंच माशी शिंकली. एके शनिवारी जनकाबाई नातीला घेऊन देवळात गेली. पुजाऱ्यानं प्रसाद पुढे केला आणि डिंपलनं डावा हात पसरला. पुजाऱ्यानं आपला हात झटकन मागे घेतला. "उजवा, बाई, उजवा." पोरीनं मान हलवली आणि पुन्हा डावाच पुढे केला. मागच्या बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "डेबरी हाये वाटते जनकाबाईची नात." डेबरी म्हणजे डावखुरी. जनकाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. पोरीच्या हाताकडे तिनं तोवर कधी नीट पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं तर काय, चमचा डावा, खडू डावा, घासही डावा! ज्या हातानं माणूस आपली घाण धुतो, त्याच हातानं ही पोरगी पंगतीत गूळ वाढणार? लोक भरल्या पानावरून उठून जातील. नवस राहील बाजूला, सात पिढ्यांची शोभा होईल.

त्या दिवसापासून जनकाबाईनं कंबर कसली. रोडग्यांच्या आत पोरीचा हात उजवा करायचा.

योगिनी एक दिवस शाळेतून जरा लवकर आली आणि दारातच थिजली. ओट्यावर डिंपल जेवायला बसली होती. तिचा डावा हात जुन्या लुगड्याच्या काठानं कमरेशी बांधलेला होता. उजव्या हातानं ती वरणभात तोंडाकडे नेत होती आणि निम्मा फ्रॉकवर पडत होता.

"आई, हे काय?"

"काय म्हंजे? हात बांधला. सवय लागली पाह्यजे ना तिले."

"चार वर्षांचं लेकरू आहे ते! ढोर आहे का बांधून ठेवायला?"

"ढोराले दावं लावतो त कायी त्याचा दुस्मन म्हणून लावत नाही आपण. चार दिवस रडंन, मंग इसरून जाईन."

योगिनीनं काठ सोडला, पोरीला उचललं, आणि त्या संध्याकाळी घरात चांगलीच जुंपली. जीवननं टीव्हीचा आवाज वाढवला. या घरात पुरुषांचं मत असंच कळतं. शेवटी ठरलं काहीच नाही. योगिनी घरी असली की हात सुटा, योगिनीची बस हलली की पुन्हा बांधलेला. योगिनीला ते माहीत होतं आणि जनकाबाईलाही हे माहीत होतं, की तिला माहीत आहे. नोकरी सोडून हातावर पहारा ठेवणं तिला शक्य नव्हतं.

मग एक दिवस योगिनीला वाटलं, आपल्या हाती हत्यार आलं. संध्याकाळची वेळ होती, जनकाबाई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. शेजारी योगिनी उद्याचा धडा काढून मोबाईलवर शब्दांचे अर्थ पाहत होती. एका शब्दापाशी ती थांबली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"आई, एक शब्द सांगू? गॉश."

"काय?"

"गॉश. इंग्रजीत म्हणतात. ज्याला चारचौघांत नीट वागता येत नाही, नको तेव्हा नको ते करून बसतो, अवघडतो, धडपडतो, असा माणूस. आपण वेंधळा म्हणतो ना, तसा."

"म्हंजे इंग्रजाईनं बी माहं नाव ठेवलं म्हण की," जनकाबाई नेहमीसारखी आधी हसली.

"ऐका तर. हा शब्द मूळचा फ्रेंच. आणि फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ नुसता 'डावा'. त्याच्याही आधी वाट सोडून वळणं, वाकडं होणं, असं काहीतरी होतं म्हणतात. म्हणजे बघा, आधी वाकडं, मग डावं, आणि इंग्रजांकडे येईपर्यंत वेंधळं! बिचाऱ्याचा हात डावा, एवढाच त्याचा गुन्हा. त्यावरून लोकांनी त्याला अख्खाच वेंधळा ठरवून टाकला."

योगिनीचे डोळे भरून आले होते. तिला वाटलं, आता सासूबाईंना पाझर फुटेल. पण जनकाबाईनं हातातली जुडी खाली ठेवली, आणि तिचा चेहरा खटला जिंकल्यासारखा फुलला.

"पाह्य! म्या काय म्हणून राह्यली होती? साता समुद्रापल्याडचे गोरे लोकं बी तेच सांगून राह्यले. डावा तो वेंधळा! अन् तू मलेच अडाणी समजते."

आपणच आपल्या हातानं कोलीत दिलं, हे योगिनीला दिसलं, पण आता ते परत कसं घ्यावं कळेना. "अहो आई, उलटं आहे हे. लोकांनी तसं म्हटलं, म्हणजे ते खरं होतं असं नाही."

"शबद जुना हाये ना? मंग जुन्या लोकाईले अक्कल होती."

आतून अर्जुनरावांनीही री ओढली. "आपल्या मराठीत काय येगळं हाये, सूनबाई? चांगला निंघाला तो उजवा, अन् जो नको त्याले डावलायचं. उगीच म्हणतात काय?"

फ्रेंच, इंग्रज, मराठी, तिन्ही एका बाजूला, आणि समोर चार वर्षांची पोर. योगिनी मोबाईल बंद करून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून जनकाबाईला नवाच मंत्र सापडला. डिंपलनं डावा हात उचलला की ती डोळे वटारून म्हणायची, "गोश व्हाचं हाये काय तुले? गोश?" पोरगी घाबरून हात खाली घ्यायची. शिकलेल्या बाईनं आणलेला शब्द अडाणी बाईनं छडीसारखा वापरला, आणि शिकलेली बाई हात चोळत बसली.

पुढच्या रविवारी मात्र भलतंच घडलं. योगिनी मळ्यात गेली होती. जनकाबाई वाफ्यात बसून खुरपत होती, आणि पार पलीकडच्या बांधावरून कुणाची तरी शेळी मेथीत शिरली. जनकाबाईनं बसल्या जागेवरून एक ढेकूळ उचललं आणि भिरकावलं. ढेकूळ बरोबर शेळीच्या पुठ्ठ्यावर बसलं. शेळी बें करून पळाली. जनकाबाई पुन्हा खुरपायला लागली.

"आई," योगिनीचा आवाज चमत्कारिक झाला होता, "कोणत्या हातानं मारलं?"

"कोणत्या म्हंजे? हातानं मारलं."

"पुन्हा मारा. त्या बाभळीला मारा."

"येड लागलं काय व तुले?" असं म्हणत जनकाबाईनं उजव्या हातानं ढेकूळ फेकलं. ते बाभळीच्या कितीतरी अलीकडे, मोटारीच्या पाइपवर फुटलं. योगिनीनं दुसरं ढेकूळ उचललं आणि काही न बोलता सासूच्या डाव्या हातात दिलं. जनकाबाईनं फेकलं. बाभळीच्या बुंध्यावर धप्पकन आवाज झाला.

योगिनी म्हणाली, "आई... तुम्ही डावखुऱ्या आहात."

कुणी भर बाजारात थोबाडीत मारावी तशी जनकाबाई उभी राहिली. "तोंड सांभाळून बोल! आमच्या डोणगावच्या घराण्यात कोणी डेबरं निंघालं नाही आजपावतर. माह्यावर कायले आणते ते?"

नंतर किती तरी दिवस ती सुनेशी धड बोलली नाही. पण मनाला लागलेला काटा काही निघेना. माठ उचलताना, साप दिसला म्हणून काठी घेताना, पाठ खाजवताना कोणता हात आधी जातो, याच्याकडे तिचं लक्ष जायला लागलं, आणि लक्ष गेलं की ती तो हात झटकन मागे घ्यायची. स्वतःचाच हात स्वतःला परका वाटावा, हा काय प्रकार होता तिला कळेना. भीतीही वाटायची. ती भीती तिनं कुणाला सांगितली नाही, उलट डिंपलच्या हाताची गाठ आणखी आवळली.

आणि गाठीचा गुण दिसू लागला. पोरगी उजव्या हातानं जेवू लागली, उजव्या हातानं खडू धरू लागली. फक्त तिच्या हातून सांडायला लागलं. पेला सुटायचा, ताटली कलंडायची, उंबऱ्याला ठेच लागायची. मळ्यातून घरापर्यंत अखंड चालणारं तिचं तोंडही बंद झालं होतं. विचारलं तरच बोलायची, तेही अडखळत. शेजारच्या बायका कौतुकानं म्हणायच्या, "आजीवर गेली बापा नात! तेच वेंधळेपण, तेच सांडणं." पहिल्यांदा जनकाबाईही हसली. दुसऱ्यांदा हसायला तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. ही पोर आधी कधी सांडत नव्हती. हे तिला ठाऊक होतं, तिनंच तिला वाढवलं होतं. पण नवस तोंडावर आला होता आणि विचार करायला सवड नव्हती.

रोडग्यांचा दिवस उजाडला. मारोतीपुढे कडुलिंबाखाली गोवऱ्यांचा ढीग पेटला, गडीमाणसांनी कणीक तिंबली, वांग्याच्या भाजीचा वास बांधाबांधावरून गावात गेला. डोणगावहून जनकाबाईचा थोरला भाऊ रंगराव आला होता. सत्तरी गाठलेला, गडगडाटी हसणारा, मामाचा मान मिरवणारा माणूस. डिंपलला हिरवं परकर-पोलकं नेसवलं होतं. हात सोडला होता, कारण आता तो बांधून ठेवणं चारचौघांत बरं दिसलं नसतं.

मारोतीला नैवेद्य दाखवून झाला. पळसाच्या पत्रावळी मांडल्या गेल्या, पंगत बसायला लागली. रंगराव आराजवळच हात शेकत बसला होता. जनकाबाई पोरीला तिथंच घेऊन आली आणि गुळाची परात तिच्यापुढे धरली. "हं. एक खडा घे अन् मामाआबाले दे पाहू. कोणत्या हातानं?"

डिंपलनं डावा हात परातीत घातला.

इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात गेली. पंगत बसतेय, अर्धा गाव बघतोय आणि पोट्टीचं पहिले पाढे पंचावन्न! जनकाबाईचा तोल गेला. आरात रोडगे फिरवायचा लांब चिमटा खुपसून ठेवला होता, तो तिनं उपसला. टोकं लालबुंद झाली होती. तिला फक्त भीती घालायची होती, असं ती पुढे सगळ्यांना सांगत राहिली, आणि ते खरंही असेल.

"दाखव तो हात! देऊ चटका? देऊ?"

डिंपल रडली नाही. पळाली नाही. तिनं डोळे घट्ट मिटले आणि डावा तळहात उघडून पुढे धरला.

जनकाबाईचा हात हवेत तसाच राहिला. आणि त्याच वेळी मागून रंगराव गडगडून हसला.

"दे, दे! घाबरू नको. मायनं तुलेबी असाच देल्ला होता."

"काय देल्ला होता?" जनकाबाईनं मान वळवून विचारलं.

"चटका, दुसरं काय! तूबी अशीच डेबरी होती न जनके. हिच्याएवढीच होती. किती सांगलं, किती मारलं, पण घास डाव्याच हातानं घे. मंग एक दिवस मायनं उलथनं तापवलं लाल. म्याच त तुहा हात धरला होता! अशी चरर्र झाली चामडी. पण मानलं पाह्यजे मायले, एका चटक्यात सुधारली तू. वापस कधी डावा हात पानात नाही घातला."

"म्या... चुलीत हात घातला होता ना दादा?"

"अव, ते त माय लोकाईले सांगे. इचारत ना लोकं, पोट्टीच्या हाताले काय झालं म्हणून. मंग सांगे, धांदरट हाये, चुलीत हात घातला." रंगराव पुन्हा हसला. आईच्या हुशारीची गोष्ट सांगताना मुलाला वाटतो तसा अभिमान त्याच्या चेहऱ्यावर होता. त्यात काही वाईट आहे असं त्याच्या मनातही नव्हतं, आणि हेच सगळ्यात भयंकर होतं.

चिमटा जनकाबाईच्या हातून खाली पडला. या वेळी कुणी हसलं नाही, कारण तिच्या तोंडाकडे पाहून हसायची कुणाची छाती झाली नाही. योगिनी वाढप्यांतून धावत आली होती. तिच्या कानांवर सगळं पडलं होतं. इंग्रजी शब्दाचं मूळ तिला मोबाईलवर चुटकीसरशी सापडलं होतं. या बाईच्या वेंधळेपणाचं मूळ सख्खा भाऊ पोटात ठेवून बसला होता, आणि तेही गुपित म्हणून नव्हे. कुणी विचारलं नाही, म्हणून!

जनकाबाईच्या कानात चरर्र आवाज होत होता. तो आठवणीतला होता की आरात ठिबकणाऱ्या तुपाचा, तिला कळेना. चहाचा ट्रे, ताकाचा डेरा, कडेची पात, व्याह्यांचं धोतर. सगळं एकामागून एक डोळ्यांपुढे आलं, आणि या वेळी त्यातल्या एकावरही तिला हसू आलं नाही. जन्मभर तिला ज्या हातानं काम करायला लावलं, तो तिचा कामाचा हात नव्हताच. जो होता तो भाजून ठेवला होता. आणि आई? आई तिला अंगाई म्हणायची. आजारी पडली तर उशाशी बसून राहायची. त्याच आईनं उलथनं तापवलं, आणि वर जन्मभर पुरेल असं नाव ठेवलं, धांदरट. जनकाबाईला आईचा राग यायला हवा होता. पण तिची नजर खाली पडलेल्या चिमट्यावर गेली, आणि राग कुणाचा करावा ते तिला कळेना.

समोर डिंपल अजून तशीच उभी होती, डोळे मिटून, तळहात पुढे धरून.

जनकाबाई मटकन खाली बसली. तिनं तो इवलासा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेऊन मिटला. "डोळे उघड, माय. काही नाही करत मी. काही नाही करत." पोरीनं डोळे उघडले, पण तिचा विश्वास बसला नव्हता, ते तिच्या अंगाच्या ताठरपणावरून कळत होतं.

तिकडून अर्जुनरावांची हाक आली. "गूळ आणा लवकर! लोकं पानावर बसून राह्यले."

जनकाबाई उठली, परात घेतली, पोरीला पंगतीपाशी नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डिंपल, तुले पाह्यजे त्या हातानं वाढ."

डिंपलनं एकदा आजीकडे पाहिलं. मग डावा हात पाठीमागे नेला आणि परकराची चूण मुठीत गच्च धरली. आता काठ नव्हता, गाठ नव्हती, तरी हात बांधलेलाच. उजव्या हातानं तिनं गुळाचा खडा उचलला. खडा निसटून मातीत पडला.

"आजीवर गेली!" पंगतीतून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. अर्जुनरावही हसले.

जनकाबाईनं परात उजव्या हातावर घेतली. डाव्या हातानं, त्या भाजलेल्या, आक्रसलेल्या तळव्याच्या हातानं, गुळाचा खडा उचलला आणि पहिल्याच पानावर येऊन बसलेल्या रंगरावच्या पत्रावळीत ठेवला.

रंगराव ओरडला. "जनके! येडी झाली काय? डावा हात? देवाच्या पंगतीत? माय असती त काय म्हणली असती?"

"माय असती," जनकाबाई म्हणाली, "त तिच्याबी पानात याच हातानं वाढला असता."

ती पुढे सरकली. दुसरं पान, तिसरं पान. मध्येच एक म्हातारबुवा पान सोडून उठले, पायांत चपला सरकवल्या आणि बांधानं चालते झाले. त्यांच्या मागून आणखी काही जण उठले. जनकाबाईचा जीव तडफडला. नवसाच्या पंगतीतून उपाशी माणूस उठून जाणं काय असतं ते तिला कळत होतं, पण हात थांबला नाही. काही लोक खाली मान घालून बसून राहिले. अर्जुनरावांनी मात्र आपल्या पानावर हात आडवा धरला. ती क्षणभर थांबली, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढच्या पानाकडे वळली. त्यांच्या पानात त्या दिवशी गूळ पडला नाही तो नाहीच.

ओळीच्या टोकाला योगिनी सगळ्यांत शेवटी जाऊन बसली होती. तिच्या पानापाशी जनकाबाई वाकली, तेवढ्यात कुणीतरी तिचा पदर ओढला. डिंपल मागोमाग आली होती. पाठीमागचा हात तिनं हळूहळू पुढे आणला, इकडेतिकडे पाहिलं आणि परातीत घातला. गुळाचा खडा उचलला. आईच्या पानापर्यंत तो पोचला नाही. खडा पुन्हा मातीत पडला.

कुणी हसलं नाही. डिंपल एकदम पांढरी पडली. तिनं डोळे मिटले आणि तो डावा तळहात उघडून आजीपुढे धरला.

"पडला त पडू दे," जनकाबाई म्हणाली. तिचा आवाज फुटला, कारण हे शब्द तिनं स्वतःसाठी जन्मात कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. तिनं परातीतला चांगला मोठा खडा निवडला आणि त्या उघड्या तळहातावर ठेवला. "हा वाढ."